वाऱ्याच्या नोंदीतले खाडे

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर आणि पाटण तालुक्यात वनकुसवड्याला पवनचक्क्या यायच्या आधी वारा मोजणारे खांब आले होते. ही जागा वाऱ्याची आहे हे तिथल्या गुराख्यालाही ठाऊक होतं. पण ‘वारा खूप असतो’ एवढ्यावर बँक कर्ज देत नाही. जूनमध्ये किती, डिसेंबरमध्ये किती, रात्री दोनला किती, दुपारी चारला किती, आणि गेल्या वर्षी होता तसा तो पुढची वीस वर्षं राहील का, हे विचारलं जातं. त्याचं उत्तर वाऱ्याच्या तासागणिक नोंदीत असतं, आणि तेही एका वर्षाच्या नव्हे, दहा-वीस वर्षांच्या.

इमारतींचंही तसंच. कोणत्या शहरात वाऱ्याचा किती मारा धरून बांधायचं हे ‘आयएस ८७५’ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात दिलेलं आहे : मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर, पुण्यासाठी ३९. या आकड्यांच्या मागे वेधशाळांनी वर्षानुवर्षं जपलेल्या नोंदी आहेत. जळगावकडच्या केळीबागायतदाराचा तर वाऱ्याच्या नोंदीशी थेट पैशांचा संबंध आहे. हवामानावर आधारित फळपीक विम्यात केळीसाठी वेगाचे वारे हा एक धोका धरलेला आहे, आणि वेग किती होता हे जवळच्या स्वयंचलित हवामान केंद्राने सांगायचं असतं. बाग आडवी झाली त्या दुपारी केंद्र बंद असेल तर तो खाडा कसा भरायचा, हा काही केवळ संख्याशास्त्राचा प्रश्न उरत नाही.

काम ऐकायला सोपं आहे : दर तासाला एक आकडा. वर्षाचे तास ८,७६०. लीप वर्षाचे ८,७८४. २०११ ते २०२० या दहा वर्षांत तीन लीप वर्षं आली, म्हणजे एकूण ८७,६७२ तास. एवढे सगळे आकडे सलग आणि विश्वासाचे, असे जवळपास कोणाकडेच नसतात. त्यामुळे प्रश्न खाडे पडू द्यायचे की नाहीत हा नसून, पडलेल्या खाड्यांचं काय करायचं हा आहे. आणि त्याच्याही आधी, जे आकडे आहेत ते नेमके कशाचे आहेत, हा.

कोणता तास?

‘सकाळी आठचा वेग’ म्हणजे काय? तीन वेगवेगळी उत्तरं असू शकतात. सात ते आठ या साठ मिनिटांची सरासरी. आठ ते नऊची सरासरी, जिच्यावर सुरुवातीची वेळ टाकलेली आहे. किंवा आठ वाजण्याआधीच्या फक्त दहा मिनिटांची सरासरी, कारण जागतिक हवामान संघटनेच्या पद्धतीत वेधाच्या वेळचा वारा दहा मिनिटांच्या सरासरीनेच सांगतात. तिन्ही आकडे एकाच रकान्यात ‘०८:००’ म्हणून बसतात आणि दिसायला सारखे दिसतात.

त्यात आपल्याकडे आणखी एक खास अडचण आहे. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. वेधशाळेचे मुख्य वेध सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला घेतात, कारण जागतिक वेळेत तेव्हा ३ आणि १२ वाजलेले असतात. पण पठारावरच्या खांबावरचा लॉगर, म्हणजे आकडे नोंदवून ठेवणारं यंत्र, बहुधा भारतीय वेळेवर लावलेला असतो आणि तास भारतीय घड्याळाने मोजतो. हे दोन संच शेजारी ठेवले की अर्धा तास कुठेच बसत नाही. पाच तास सरकवा किंवा सहा, तीस मिनिटांची चूक राहतेच. उपाय एकच : लॉगरने दर दहा मिनिटांची सरासरी ठेवलेली असेल तर तीच मूळ धरायची आणि साडेसात ते साडेआठ असा तास आपण नव्याने बांधायचा. म्हणून माझं आग्रहाने सांगणं असतं की तासाची सरासरी काढून झाली म्हणून दहा मिनिटांची फाइल कधी टाकून देऊ नये.

वेळ सरकली आहे का हे तपासायची एक साधी युक्ती आहे. वारा मोजणाऱ्या शेजारच्या ठाण्याची मालिका घ्यायची, आपली मालिका तिच्यावरून एकेक टप्पा पुढे-मागे सरकवायची आणि दोन्हींचं नातं कुठे सर्वांत घट्ट बसतं ते पाहायचं. दोन ठाणी जवळजवळ असताना नातं पाच-सहा तासांच्या सरकाव्यावर घट्ट बसलं, तर एक मालिका जागतिक वेळेत आहे, हे समजून जावं.

एककांचंही तसंच. विमानतळांच्या नोंदी नॉटमध्ये आणि पूर्णांकात असतात. १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. एखाद्या फाइलमध्ये वेग ताशी किलोमीटरमध्ये आहे, पण आकडे फक्त १.९, ३.७, ५.६, ७.४ असेच येतात आणि मधलं काहीच येत नाही, तर मूळ नोंद नॉटची होती हे उघड आहे. फाइलच्या मथळ्यात काहीही लिहिलेलं असो, आकडे आपलं मूळ लपवत नाहीत. एखाद्या वर्षापासून वेग अचानक ३.६ पट किंवा १.९४ पट झालेला दिसला तर तो वारा वाढलेला नसतो. कोणीतरी सेकंदाला मीटर, ताशी किलोमीटर आणि नॉट यांची सरमिसळ केलेली असते.

शून्य आणि रिकामी जागा

सगळ्यांत जास्त घोळ शून्याचा होतो. वारा पडला की वेग शून्य, हे बरोबर. पण वाऱ्याने फिरून वेग मोजणाऱ्या वाटीसारख्या कपाचं बेअरिंग अडकलं, तरीही शून्य. खांबावरून खाली येणारी केबल उंदराने कुरतडली, तरी अनेक लॉगर शून्यच लिहितात. आणि काही जुन्या फाइलींमध्ये नोंद नसलेल्या ठिकाणी कोणीतरी सोयीसाठी शून्य भरून ठेवलेलं असतं. याउलट कुठे -९९९ किंवा ९९९९ असा खुणेचा आकडा असतो. सरासरी काढताना तो वगळायचं राहिलं की महिन्याचा वेग उणे येतो, आणि निदान चूक लक्षात तरी येते. शून्य मात्र गुपचूप सरासरीत मिसळून जातं.

खरं शून्य आणि खोटं शून्य वेगळं करायला दहा मिनिटांची फाइल उपयोगी पडते. चांगला लॉगर दर दहा मिनिटांसाठी चार आकडे ठेवतो : सरासरी, कमाल, किमान आणि विचलन, म्हणजे वेग सरासरीभोवती किती हलला ते. वाहता वारा कधी एकसारखा नसतो, त्यामुळे विचलन शून्याला टेकत नाही. सरासरी वेग आहे पण विचलन सलग शून्य, असं दिसलं तर आकडा गोठलेला आहे. सरासरीही शून्य, विचलनही शून्य, आणि त्याच खांबावर वरच्या उंचीवरचा कप त्या वेळी सेकंदाला ९ मीटर दाखवतोय, तर खालचा अडकलेला आहे. पहाटे तीनला, जानेवारीत, दोन्ही कप शून्याजवळ असतील तर मात्र वारा खरंच पडलेला असू शकतो. कपाला फिरायला सुरुवात करण्यापुरता थोडा जोर लागतो, तेव्हा अगदी मंद झुळूक त्याला कळत नाही, हेही लक्षात ठेवावं लागतं.

दिशेच्या रकान्यातही शून्याचा सापळा आहे. हवामानाच्या प्रथेत उत्तरेचा वारा ३६० अंश लिहितात आणि वारा नसेल तर ०. हे न कळून दोन्ही एकच धरले, की निवांत रात्रींचा सगळा हिशेब उत्तरेच्या वाऱ्याच्या नावावर चढतो.

बेअरिंगची झीज हा त्याहून कठीण प्रकार, कारण त्यात काहीच अचानक घडत नाही. आपल्याकडे मार्च ते मे धूळ, मग चार महिने पाऊस, किनाऱ्यावर खारी हवा. कप दरवर्षी थोडा जड होत जातो आणि वेग थोडा कमी दाखवतो. एकट्या मालिकेकडे बघून हे कळणार नाही. एकाच उंचीवर दोन विरुद्ध बाजूंना दोन कप असतील तर त्यांच्या वेगांचं गुणोत्तर महिन्यामागून महिना मांडून पाहावं. गुणोत्तर हळूहळू एका बाजूला कलू लागलं तर एक कप झिजतो आहे. ते फक्त एका ठरावीक दिशेला बिघडतं आणि इतर वेळी ठीक असतं, तर कप निर्दोष आहे. खांबाचीच आडोशाची सावली त्याच्यावर पडते आहे.

खाडे योगायोगाने पडत नाहीत

वाऱ्याच्या नोंदीबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर मी ही सांगेन. नोंद कधीही, कुठेही, कशीही तुटते असं आपण धरून चालतो आणि मग उरलेल्या तासांची सरासरी हीच सगळ्या काळाची सरासरी समजतो. पण यंत्र बंद पडण्याचा आणि वाऱ्याचा जवळचा संबंध असतो.

१९७४ च्या नाताळच्या पहाटे ट्रेसी चक्रीवादळ ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरावर आलं. विमानतळावरच्या यंत्राने ताशी २१७ किलोमीटरचा झोत नोंदवला आणि त्यानंतर ते निकामी झालं. त्यापुढचा वारा त्या यंत्राला माहीतच नाही. शहराचा बहुतांश भाग जमीनदोस्त झाला, पण नोंदीत त्या वादळाचं वरचं टोक २१७ वरच थांबलेलं आहे. यंत्र ज्या तासांसाठी उभं केलं, नेमके तेच तास हातचे गेले.

आपल्याकडे चक्रीवादळाशिवायही हेच घडतं. स्वयंचलित केंद्र सौर पॅनेल आणि बॅटरीवर चालतं. जुलैत दहा-बारा दिवस ढग हटले नाहीत, की बॅटरी उतरते आणि केंद्र गप्प होतं. पण सह्याद्रीच्या पठारांवर वर्षाचा सगळ्यात मोठा वारा जून ते ऑगस्टमध्येच असतो. वीज पडून लॉगर जळतो तो वळवाच्या पावसात, म्हणजे सोसाट्याच्या वाऱ्यातच. आणि भर पावसाळ्यात घाटरस्त्याने पठारावर जाऊन दुरुस्ती लगेच होत नाही, त्यामुळे खाडा लांबतो.

साधा हिशेब करून पाहा. समजा एका पठारावर जुलैचा सरासरी वेग सेकंदाला १० मीटर आणि बाकीच्या अकरा महिन्यांचा ५. वर्षाची सरासरी साधारण ५.४ येते. जुलै पूर्ण बुडाला आणि उरलेल्या आकड्यांचीच सरासरी काढली, तर ५. वेग आठ टक्क्यांनी कमी. पण वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनावर अवलंबून असते. अकरा महिन्यांचे प्रत्येकी १२५ आणि जुलैचे १,०००, मिळून २,३७५. त्यातले १,००० एकट्या जुलैचे. एका महिन्याच्या खाड्याने ऊर्जेचा हिशेब कुठल्या कुठे जातो.

फार मोठा दिसला म्हणून काढू नका

आकड्यांची छाननी करताना पहिली चाळणी मर्यादेची असते : अमुक वेगाच्या वर काही आलं तर ते चूक. ही चाळणी हवीच, पण तिच्यावर सोडून देता येत नाही. १० एप्रिल १९९६ रोजी ऑलिव्हिया चक्रीवादळात ऑस्ट्रेलियाच्या वायव्येकडच्या बॅरो बेटावरच्या स्वयंचलित केंद्राने ताशी ४०८ किलोमीटरचा झोत नोंदवला. तोवर जगातला विक्रम अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टनचा होता, १२ एप्रिल १९३४ चा, ताशी ३७२ किलोमीटर. बॅरोचा आकडा इतका अचाट होता की वर्षानुवर्षं त्याला कोणी अधिकृत मानलं नाही. अखेर यंत्र, त्याची जागा आणि आसपासचे झोत सगळं तपासून जागतिक हवामान संघटनेने तो २०१० साली विक्रम म्हणून मान्य केला. मूळ नोंद शिल्लक होती म्हणून हे होऊ शकलं. एखाद्या संगणकीय चाळणीने १९९६ मध्येच तो आकडा पुसून तिथे शेजारच्या तासांची सरासरी घातली असती, तर तपासायला काहीच उरलं नसतं.

म्हणून छाननीत आकडा पुसायचा नसतो, त्याच्यासमोर खूण करायची असते : ठीक, संशयास्पद, चूक. संशयास्पद आकड्याचा निकाल शेजारच्या ठाण्यांशी, हवेच्या दाबाशी, त्या दिवशीच्या उपग्रह चित्राशी ताडून माणसाने लावावा.

ठाण्याचं चरित्र

वाऱ्याची मालिका जितकी लांब, तितके तिच्यात यंत्रांचे बदल जास्त. १८४६ साली आयर्लंडमधल्या आर्मा वेधशाळेचे रॉबिन्सन यांनी चार वाट्यांचा वेगमापक केला आणि वाऱ्याचा वेग वाटीच्या वेगाच्या तिप्पट असतो असं धरलं. पुढे कळलं की हे गुणोत्तर वाटीच्या आकारावर आणि दांडीच्या लांबीवर ठरतं आणि सहसा तिनाहून कमी असतं. म्हणजे तिपटीच्या हिशेबाने लिहिलेले जुने वेग फुगलेले होते. १८७९ च्या डिसेंबरात स्कॉटलंडमधला टे नदीवरचा रेल्वेपूल वादळात आगगाडीसह कोसळल्यावर वाऱ्याचा मारा नीट मोजायची निकड वाटू लागली. त्यातून डाइन्स यांचं दाबनळीचं यंत्र १८९० च्या दशकात आलं. वाऱ्याकडे तोंड करून फिरणारी नळी, पाण्यात तरंगणारा फ्लोट, आणि घड्याळावर फिरणाऱ्या ढोलावरच्या कागदावर रेघ ओढणारी लेखणी. भारतीय वेधशाळांतही ही यंत्रं दीर्घकाळ चालली. त्या कागदावरची रेघ बारीक नसते. वारा हिंदकळत असल्याने ती रुंद पट्ट्यासारखी दिसते, आणि त्या पट्ट्याच्या मधून नजरेने रेघ धरून निरीक्षक तासाची सरासरी वाचायचा. शाई वाळली किंवा घड्याळ थांबलं, की तेवढा खाडा.

पुण्याच्या शिवाजीनगरातलं ‘सिमला ऑफिस’ बहुतेक पुणेकरांना बसस्टॉप म्हणून ठाऊक असतं. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं ते या इमारतीत. देशाच्या हवामान नोंदींचं राष्ट्रीय केंद्र आजही पुण्यातच आहे. इथल्याच उपकरण विभागात १९४८ साली हवामानशास्त्रज्ञ अन्ना मणी रुजू झाल्या. परदेशी यंत्रांवर अवलंबून असलेल्या खात्यात त्यांनी यंत्रं इथे बनवण्याचं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती एकमेकांशी ताडून प्रमाणित करण्याचं काम उभं केलं. निवृत्तीनंतर, १९८० च्या दशकात, पवनऊर्जेसाठी देशभरातल्या शेकडो ठिकाणचा वारा मोजण्याच्या कामाला त्यांनी दिशा दिली. चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, अशी त्यांची ठाम धारणा होती. मला वाटतं, खाडे भरायला बसणाऱ्या प्रत्येकाने ही धारणा समोर ठेवावी, कारण न मोजलेल्या जागी आकडा घालणं हेच तर ते काम आहे.

ठाण्याचं चरित्र म्हणजे यंत्र कधी बदललं, कप किती उंचीवर आहे, शेवटचं प्रमाणीकरण कधी झालं, आसपास काय उगवलं, काय बांधलं, याची तारीखवार नोंद. नियम सांगतो की कप मोकळ्या जागेत जमिनीपासून १० मीटरवर असावा आणि कोणताही अडथळा त्याच्या उंचीच्या निदान दहापट लांब असावा. १५ मीटर उंचीची इमारत असेल तर ती १५० मीटर दूर हवी. शहरातल्या जुन्या ठाण्याभोवती हे टिकलेलं आहे का, ते आपल्याच शहरात पाहा.

यातून एक जागतिक कोडं उभं राहिलं. १९७९ ते २००८ या काळात उत्तर गोलार्धाच्या मध्य अक्षांशांत जमिनीलगतचा वारा ५ ते १५ टक्क्यांनी मंदावला, असं २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. वातावरणाच्या अभिसरणातला बदल हे एक कारण. पण वाढलेली झाडी आणि त्यामुळे खडबडीत झालेली जमीन हेही मोठं कारण निघालं. पुढे २०१० च्या सुमारापासून वारा पुन्हा वाढू लागल्याचंही दिसलं. अशा प्रश्नात ज्या ठाण्यांचं चरित्र लिहिलेलं नाही त्यांच्या मालिका लांब असूनही साक्षीला उपयोगी पडत नाहीत. वारा मंदावला, की समोरचं गुलमोहराचं झाड वाढलं?

भरायचं कसं

आता भरण्याकडे वळू. एक-दोन तासांचा खाडा असेल तर दोन्ही बाजूंच्या आकड्यांमध्ये सरळ रेघ ओढली तरी चालतं. पण दिशेची सरासरी साधी काढू नये : ३५० आणि १० अंशांची साधी सरासरी १८० येते, म्हणजे उत्तरेचा वारा दक्षिणेचा होतो. वेग-दिशेचे पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण असे दोन भाग करून मगच जोडावं.

खाडा लांबला की सरळ रेघ फसवते. रत्नागिरीसारख्या किनारी ठिकाणी उन्हाळ्यात सकाळी सातला वारा मंद आणि संध्याकाळी उशिराही मंद. मधले बारा तास नसतील आणि रेघ ओढली, तर दिवसभर मंदच दिसेल. दुपारी समुद्रावरून येणारे खारे वारे, ज्यांच्या भरवशावर किनाऱ्यावरचा माणूस मे महिना काढतो, ते मालिकेतून नाहीसे होतात.

काही तासांपासून काही दिवसांपर्यंतच्या खाड्याला सर्वांत चांगला आधार त्याच खांबावरच्या दुसऱ्या उंचीच्या कपाचा. उंचीबरोबर वेग कसा वाढतो याचं ढोबळ सूत्र आहे, उंचीच्या गुणोत्तराचा एक-सप्तमांश घात. त्याने १० मीटरवरून १०० मीटरवर वेग साधारण १.३९ पट येतो. पण हे सूत्र सपाट, मोकळ्या जमिनीचं. सह्याद्रीच्या कड्यावर वारा चढून येतो आणि माथ्यालगत दाटून जोरात वाहतो, तिथे हे गुणोत्तर चालत नाही. तेव्हा दोन्ही कप चालू होते त्या काळातून त्याच खांबाचं स्वतःचं गुणोत्तर काढावं, रात्रीचं वेगळं आणि दिवसाचं वेगळं, कारण रात्री जमीन थंड झाली की वरचा आणि खालचा वारा एकमेकांपासून सुटतात.

खांबच बंद असेल तर शेजारचं ठाणं. इथे मराठी मुलखाचा भूगोल आडवा येतो. महाबळेश्वर, सातारा शहर आणि चाळकेवाडी नकाशावर जवळ आहेत, पण एक घाटमाथ्यावर, एक अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आणि एक उघड्या पठारावर. जुलैत पश्चिमेचा वारा तिघांनाही सापडतो. जानेवारीत पहाटे खोऱ्यात थंड हवा साचून खाली शांत, तर वर वारा चालू. म्हणून वर्षभराचं एकच नातं काढू नये. महिना, दिशा आणि दिवसाची वेळ यांप्रमाणे नाती वेगवेगळी काढावी लागतात, आणि प्रत्येक खान्यात पुरेसे तास आहेत ना, हे बघावं लागतं.

आठवडे-महिन्यांच्या खाड्यासाठी हल्ली पुनर्विश्लेषणाचा आधार घेतात. जगभरचे जुने वेध, विमानांच्या आणि उपग्रहांच्या नोंदी एकाच हवामान-प्रारूपात घालून प्रत्येक तासाचं वातावरण पुन्हा उभं केलेलं असतं. युरोपीय हवामान केंद्राचा ‘ईआरए-५’ संच १९४० पासून दर तासाचा आहे, ‘नासा’चा ‘मेरा-२’ १९८० पासून. दोन्ही फुकट मिळतात. मात्र ईआरए-५ चा एक चौकोन साधारण ३१ किलोमीटरचा असतो. एवढ्या चौकोनात कोयनेचं खोरं, वरचं पठार आणि कोकणाकडचा उतार यांची मिळून एकच उंची होते. तिथला वेग पठारावरचा वेग म्हणून जसाच्या तसा चिकटवला तर तो बहुधा कमीच असतो. या संचाला वारा कधी चढला आणि कधी उतरला हे चांगलं कळतं, किती चढला ते कळत नाही. म्हणून मोजलेल्या काळात दोघांचं नातं जोडायचं आणि न मोजलेल्या काळात त्या नात्याने अंदाज बांधायचा.

नातं जोडतानाच एक बारकावा आहे, आणि बहुतेक चुका इथेच होतात. नेहमीची प्रतिगमनाची रेषा, म्हणजे एका मालिकेवरून दुसरीचा अंदाज देणारी सरळ रेघ, प्रत्येक तासासाठी ‘सर्वांत संभाव्य’ वेग देते. त्यामुळे टोकं कापली जातात. समजा ठाण्यावरच्या वेगाचं विचलन ३ आहे आणि दोन मालिकांचा सहसंबंध, म्हणजे नातं किती घट्ट आहे याचं माप (पूर्ण जुळलं तर १), ०.७. रेषेने भरलेल्या आकड्यांचं विचलन ३ गुणिले ०.७, म्हणजे २.१ एवढंच उरतं. वारा अचानक शहाण्यासारखा वागू लागतो : ना फार मंद, ना फार जोरात. सरासरी बरोबर, पण घनावर चालणारा ऊर्जेचा हिशेब चुकला. सेकंदाला ४ आणि १२ मीटर अशा दोन तासांची सरासरी ८. दोन्ही जागी ८ भरला तर घन ५१२, पण खऱ्या घनांची सरासरी ८९६.

यावर उपाय म्हणून रेषेचा उतार दोन मालिकांच्या विचलनांच्या गुणोत्तराइतका ठेवतात. मग भरलेल्या आकड्यांचं विचलन ३ च राहतं. पण फुकट काही मिळत नाही : वरच्याच उदाहरणात एकेका तासाची सरासरी चूक २.१४ वरून २.३२ होते. म्हणजे प्रत्येक तास जरा जास्त चुकतो, पण सगळे तास मिळून वाऱ्याचा स्वभाव जपतात. कोणती पद्धत घ्यायची हे मालिका कशासाठी हवी यावर ठरतं. पवनऊर्जेसाठी दुसरी. ‘१२ तारखेला दुपारी तीनला वेग किती होता’ असा प्रश्न असेल तर पहिली, तिच्या चुकीच्या अंदाजासह. आणि केळीच्या विम्यासारख्या ठिकाणी, जिथे एका तासाने मर्यादा ओलांडली की नाही यावर कोणाचे पैसे अडलेले आहेत, तिथे माझ्या मते दोन्ही नकोत. तिथे शेजारच्या केंद्रांच्या मोजलेल्या नोंदी आणि बागेतला पंचनामा बघावा. प्रारूपाने भरलेला तास पुरावा म्हणून पुढे करू नये.

कमाल झोत तर कधीच भरू नयेत. तासाच्या सरासरीवरून तीन सेकंदांचा झोत काढणारे गुणक आहेत, पण वादळी ढगाखालचा झोत त्या गुणकांना जुमानत नाही.

भरलेलं तपासणं

पद्धत चांगली आहे हे कसं कळणार? जिथे नोंद आहे तिथे मुद्दाम खाडा पाडायचा, तो भरायचा आणि खऱ्या आकड्यांशी ताडायचा. हे सगळे करतात, पण बरेच जण खाडे पाडतात ते कुठेही एकेक तासाचे. एका तासाचा खाडा दोन्ही बाजूंच्या तासांवरून सहज भरतो आणि निकाल झकास दिसतो. प्रत्यक्षात आपले खाडे जुलैतले, सलग आठ-दहा दिवसांचे असतात. तर परीक्षाही तशीच घ्यावी : चालू असलेल्या एखाद्या वर्षाच्या जुलैतून सलग दहा दिवस उचलून बाजूला ठेवावे. आणि फक्त सरासरी न ताडता घनांची सरासरी, दुपार-रात्रीचा फरक, आणि वरच्या पाच टक्के तासांचे वेग, हेही ताडावे.

आणि कधी भरायचंच नाही, हेही आधी ठरवून ठेवावं. महिन्यात ११ किंवा अधिक दिवसांच्या नोंदी नसतील, किंवा सलग ५ दिवस नसतील, तर त्या महिन्याची सरासरी काढू नये, असं जागतिक हवामान संघटना सांगते. भरलेल्या मालिकेवरून सरासरी काढायची तर काढावी, पण तिला मोजलेली सरासरी म्हणू नये.

फाइल ठेवताना तीन रकाने वेगळे असावेत : यंत्राने दिलेला मूळ आकडा, छाननीनंतरचा आकडा, आणि भरलेली मालिका. चौथ्या रकान्यात खूण, की हा तास मोजलेला, दुसऱ्या उंचीवरून घेतलेला, शेजारच्या ठाण्यावरून काढलेला की पुनर्विश्लेषणावरून, आणि कोणत्या संचाच्या कोणत्या आवृत्तीवरून. डिस्क आज स्वस्त आहे. चार रकाने जड नाहीत.

आवृत्ती लिहायची कारण पुनर्विश्लेषणंही बदलतात. ईआरए-५ च्या आधीचा ‘ईआरए-इंटरिम’ संच ऑगस्ट २०१९ मध्ये थांबला. २०१५ साली त्याच्यावरून भरलेला एखादा जुलै आज नव्या संचावरून पुन्हा भरता येतो, आणि बहुधा जास्त चांगला भरतो, पण कोणते तास भरलेले होते ही खूण शिल्लक असेल तरच. खूण नसेल तर तो दहा वर्षांपूर्वीचा अंदाज आता मोजमाप म्हणून चालू राहतो, आणि उद्या कोणी नवं पुनर्विश्लेषण पठारावर किती खरं उतरतं हे तपासायला बसलं, तर ते नकळत जुन्या पुनर्विश्लेषणाशीच ताडून पाहतं.